ऱ्होन : उगम सरकणारी नदी

नदीचा पाठ म्हटला की आपण काही गोष्टी ठरलेल्या क्रमाने पाठ करतो. उगम, उपनद्या, काठावरची शहरे आणि शेवटी मुख. त्यातला ‘उगम’ हा शब्द आपल्या मनात एका ठरावीक चित्राशी जोडलेला असतो. अमरकंटकचे नर्मदाकुंड किंवा महाबळेश्वरच्या देवळातील कृष्णेचे गोमुख आठवून पाहा. आपल्या आजी-आजोबांनी जेथे तीर्थ घेतले, त्याच जागी आपणही ओंजळ धरतो. त्यामुळे उगमाची जागा कायमची असते, असे आपण धरून चालतो.

या लेखात अशा एका नदीची ओळख करून घ्यायची आहे की जिच्या उगमाची जागा गेल्या दीडशे वर्षांत एक किलोमीटरहून अधिक वर सरकली आहे. ही नदी म्हणजे युरोपातील आल्प्स पर्वतात जन्मणारी ऱ्होन. तिची एकूण लांबी सुमारे ८१२ किलोमीटर असून ती स्वित्झर्लंडमध्ये उगम पावते, फ्रान्समधून वाहते आणि भूमध्य समुद्राला मिळते. आपण मात्र तिचा पहिला टप्पाच पाहणार आहोत. हिमनदीपासून जिनिव्हा सरोवरापर्यंतचा हा टप्पा साधारण १६५ किलोमीटरांचा आहे. उंच पर्वतातली नदी कशी घडते, ती कशावर जगते आणि माणूस तिच्याशी कसा वागतो, हे सारे एवढ्या अंतरात पाहायला मिळते.

एका डोंगराचे पाणी तीन समुद्रांना

प्रथम नकाशा उघडा. स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात फुर्का नावाची खिंड सापडेल. तिची उंची सुमारे २,४३० मीटर आहे. खिंडीच्या पश्चिमेला पडलेला पाऊस ऱ्होनमध्ये जातो आणि भूमध्य समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला पाऊस रॉइस नदीत जातो, तेथून ऱ्हाईनमध्ये आणि शेवटी उत्तर समुद्रात. थोडे दक्षिणेला गेले तर तिचिनो नदी लागते. तिचे पाणी इटलीतील पो नदीतून एड्रियाटिक समुद्रात पोहोचते. ऱ्हाईनचा स्वतःचा उगमही येथून फार लांब नाही.

ज्या उंचवट्यामुळे पाण्याची अशी वाटणी होते, त्याला भूगोलात जलविभाजक म्हणतात. सह्याद्रीचा माथा हा आपल्या ओळखीचा जलविभाजक आहे. तेथे पश्चिमेचे पाणी अरबी समुद्रात आणि पूर्वेचे बंगालच्या उपसागरात जाते. आल्प्सच्या या भागात मात्र वाटेकरी तीन आहेत. म्हणूनच या डोंगराळ प्रदेशाला युरोपची पाण्याची टाकी म्हटले जाते.

बर्फ वाहतो म्हणजे काय?

फुर्का खिंडीच्या पश्चिम उतारावर ऱ्होन हिमनदी आहे. तिच्या माथ्याशी ३,६३० मीटर उंचीचे डामाश्टॉक हे शिखर आहे. वरच्या भागात हिवाळ्यात पडलेले हिम उन्हाळ्यात पुरते वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचे हिम पडते. वर्षानुवर्षे थर साचतात, खालचे थर दाबले जाऊन त्यांतली हवा निघून जाते आणि भुसभुशीत हिमाचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा बर्फ स्वतःच्या वजनाने उतारावरून हळूहळू खाली सरकतो. वाहणाऱ्या बर्फाची ही नदी म्हणजे हिमनदी.

हे वाहणे डोळ्यांना दिसत नाही, मग ते मोजायचे कसे? १८७४ साली स्विस मोजणीदारांनी याच हिमनदीवर एक सोपी पण चिकाटीची युक्ती केली. त्यांनी रंगवलेल्या दगडांच्या सरळ ओळी हिमनदीवर आडव्या मांडल्या आणि दरवर्षी येऊन दगड कोठवर गेले ते नोंदवले. सरळ ओळी हळूहळू धनुष्यासारख्या वाकल्या. मधले दगड पुढे गेले आणि काठाजवळचे मागे राहिले. म्हणजे काठाला घासल्यामुळे बर्फाचा वेग कमी होतो आणि मध्यभागी तो जास्त असतो. पाण्याच्या नदीतही असेच घडते. ही मोजणी विसाव्या शतकातही चालू राहिली. सुरुवात करणाऱ्यांपैकी सर्वांना शेवट पाहायला मिळाला नाही, पण वही पुढच्या पिढीच्या हाती गेली. म्हणूनच आज ही जगातील सर्वात चांगल्या नोंदी असलेल्या हिमनद्यांपैकी एक आहे.

हिमनदीचा हिशेब बँकेच्या खात्यासारखा असतो. वरच्या भागात हिवाळ्यात हिम जमा होते आणि खालच्या भागात उन्हाळ्यात बर्फ खर्च होतो. जमा आणि खर्च सारखे असतील तर हिमनदीचे टोक जागच्या जागी राहते. खर्च वाढला की टोक मागे हटते. एक गोष्ट येथे नीट समजून घ्या. टोक मागे हटले म्हणजे बर्फ डोंगरावर परत चढत नाही. बर्फ खालीच येत असतो, पण वितळण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा जास्त झालेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऱ्होन हिमनदीचे टोक खाली ग्लेच नावाच्या वस्तीजवळच्या सपाटीपर्यंत पोहोचले होते. ती जागा सुमारे १,७६० मीटर उंचीवर आहे. त्या काळच्या चित्रांत आणि छायाचित्रांत तेथील हॉटेलामागे बर्फाची प्रचंड भिंत उभी दिसते. आज त्याच जागेवरून पाहिले तर उघडा, घासलेला खडक दिसतो. हिमनदीचे टोक वर, सुमारे २,२०० मीटर उंचीवर गेले आहे आणि तिने सोडलेल्या खळग्यात या शतकाच्या सुरुवातीपासून एक नवे तळे तयार झाले आहे. प्रवाशांसाठी या बर्फात बोगदा कोरण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. अलीकडे अनेक उन्हाळ्यांत बोगद्यावरचा बर्फ टिकावा म्हणून त्यावर पांढऱ्या कापडाची पांघरुणे घालण्यात आली. त्यांनी वितळणे थोडे मंदावते, पण सगळी हिमनदी काही पांघरुणाने झाकता येत नाही.

हा खर्च किती वाढला आहे? स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून आपल्या बर्फाचा सुमारे दहा टक्के भाग गमावला.

नदीचे घड्याळ

आपल्या विश्वामित्रीचे वेळापत्रक पावसाळा ठरवतो. पावागडाच्या परिसरात जोरदार पाऊस झाला की ती फुगते. उन्हाळ्यात ती एखाद्या ओढ्यासारखी होते. वरच्या ऱ्होनचे वेळापत्रक याहून वेगळे आहे. तिच्यावर सूर्याची सत्ता चालते.

हिवाळ्यात डोंगरावर भरपूर हिम पडते, पण ते गोठलेलेच राहते. त्यामुळे नदी अगदी रोड असते. वसंतात खालच्या उतारांवरचे हिम वितळू लागते आणि नदी वाढते. जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांत वरचा बर्फ वितळतो आणि नदी भरून वाहते. आकाश निरभ्र आणि ऊन कडक असेल तेव्हाच तिला पाणी जास्त असते.

दिवसाचेही एक घड्याळ असते. हिमनदीच्या तोंडाशी पहाटे पाणी कमी असते. सूर्य वर आला की बर्फ पाझरू लागतो आणि दुपारनंतर प्रवाह सर्वात मोठा होतो. हे वाढलेले पाणी खोऱ्यात खाली पोहोचेपर्यंत रात्र होते. सकाळी पायी ओलांडलेला ओढा संध्याकाळी परत येताना ओलांडता येईलच, असे उंच पर्वतात नसते.

या घड्याळाचा मोठा फायदा असा की गरज असते तेव्हा पाणी मिळते. २००३ साली युरोपात अतिशय कडक आणि कोरडा उन्हाळा पडला. केवळ पावसावर चालणाऱ्या अनेक नद्या आटल्या, पण हिमनद्यांवर पोसलेल्या नद्यांना त्या वर्षी उलट जास्त पाणी होते. बर्फाच्या खात्यातील जुनी ठेव त्या उन्हाळ्यात मोडली गेली. ठेव मोडून घर चालवता येते, पण ती पुन्हा भरली नाही तर एक दिवस संपते.

जिन्यासारखी दरी

हिमनदीतून निघालेली ऱ्होन गोम्स नावाच्या उंच खोऱ्यात उतरते. काळपट लाकडाची घरे आणि हिरवी कुरणे असलेले हे खोरे आहे. येथे जर्मन बोलली जाते आणि लोक नदीला ‘रोटन’ म्हणतात. पुढे सिएर गावाजवळ भाषेची सीमा लागते आणि तेथून खाली सगळे फ्रेंच. एकाच नदीच्या काठी, एकाच व्हाले प्रांतात या दोन्ही भाषा राजभाषा आहेत. दोन भाषांमध्ये रोज वावरणाऱ्या आपल्या मुलांना याचे नवल वाटू नये. आणखी एक गंमत पाहा. फ्रेंचमध्ये ऱ्होन हा शब्द पुल्लिंगी आहे, जसा आपल्याकडे ब्रह्मपुत्र हा नद मानला जातो.

हिमनदीच्या टोकापासून सरोवरापर्यंत नदी सुमारे १,८३० मीटर खाली येते. सरोवराची उंची समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर आहे. पण हा उतार सगळीकडे सारखा नाही. ब्रिग हे गाव सुमारे ६७० मीटर उंचीवर आहे, म्हणजे चौपंचमांशाहून अधिक उतार पहिल्या साधारण पन्नास किलोमीटरांतच संपतो. त्यानंतरची दरी रुंद, सपाट तळाची आणि दोन्ही बाजूंनी उंच भिंतींची आहे. तिचा आडवा छेद इंग्रजी ‘यू’ या अक्षरासारखा दिसतो. केवळ पाण्याने कापलेली डोंगरी दरी साधारणपणे ‘व्ही’ अक्षरासारखी असते. ‘यू’ आकार दिसला की पूर्वी येथे बर्फाचा रंधा फिरला होता, असे समजावे.

हा रंधा लहानसहान नव्हता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, हीच ऱ्होन हिमनदी सगळी दरी भरून, आजचे जिनिव्हा सरोवर झाकून त्याच्याही पलीकडे पसरली होती. तिने तळ इतका खोल खरवडला की नंतर साचलेल्या गाळाची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर आहे. आज ज्या सपाटीवर शेते, रेल्वे आणि गावे आहेत, ती सपाटी या गाळानेच तयार झाली आहे.

दोन्ही बाजूंच्या दऱ्यांमधून उपनद्या येऊन मिळतात. ब्रिगजवळ मासा नदी मिळते. ती आल्प्समधील सर्वात मोठ्या, आलेच हिमनदीतून निघते. या हिमनदीच्या मध्यभागी बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर आहे. त्यापुढे फिस्पा नदी मिळते. मॅटरहॉर्न या ४,४७८ मीटर उंच शिखराच्या परिसराचे पाणी ती आणते. पुढे लोंझा, आणि मार्तिन्यी येथे द्रांस. मार्तिन्यीला ऱ्होन जवळजवळ काटकोनात उजवीकडे वळते आणि सेंट मॉरिसच्या अरुंद खिंडीतून सरोवराकडे निघते. सरोवराला मिळताना ती सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर प्रदेशाचे पाणी घेऊन येते. तेव्हा तिचा सरासरी प्रवाह दर सेकंदाला सुमारे १८० घनमीटर, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर असतो. म्हणून ऱ्होन कोठून येते या प्रश्नाला ‘ऱ्होन हिमनदीतून’ एवढे उत्तर पुरत नाही. ती शेकडो लहानमोठ्या हिमनद्यांमधून, बर्फाच्छादित उतारांमधून आणि झऱ्यांमधून येते.

डोंगरात बर्फ, दरीत दुष्काळ

एवढे बर्फ आहे म्हणजे दरीत पाऊस भरपूर असेल, असा आपला समज होईल. प्रत्यक्षात उलट आहे. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंना चार हजार मीटरहूनही उंच डोंगर असल्याने ढग आपले पाणी त्यांच्यावरच रिते करतात. मधली दरी पर्जन्यछायेत येते. सिओं या शहरात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. तो आपल्या वडोदऱ्याहूनही कमी आहे.

म्हणून तेथील शेतकऱ्यांनी कित्येक शतकांपूर्वी बर्फाचे पाणी कालव्यांनी शेतावर आणायला सुरुवात केली. कोठे कड्यात खोदून, तर कोठे लाकडी पन्हळी कड्याला टांगून त्यांनी हे पाट नेले. फ्रेंच भाषिक त्यांना ‘बिस’ म्हणतात आणि जर्मन भाषिक ‘सुओने’. पाण्याच्या पाळ्या ठरवणे, पाटाची डागडुजी करणे ही सगळ्या गावाची जबाबदारी असे. आपल्याकडील बारा बलुत्यांच्या गावगाड्यात पाटकऱ्याचे काम ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही व्यवस्था लगेच समजेल. अशा पारंपरिक सिंचनपद्धतीला २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यात स्वित्झर्लंडसह युरोपातील सात देशांचा वाटा आहे.

विसाव्या शतकात याच बर्फाच्या पाण्यावर मोठी धरणे उभी राहिली. त्यांतले ग्रांद दिक्सांस धरण २८५ मीटर उंच असून ते १९६१ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी मावते. उन्हाळ्यात साठवायचे आणि हिवाळ्यात विजेसाठी सोडायचे, असा त्याचा क्रम आहे. त्यामुळे नदीचे मूळचे घड्याळही आता थोडे बदलले आहे. उन्हाळ्यात ती पूर्वीपेक्षा कमी वाहते आणि हिवाळ्यात जास्त.

दुधाळ पाणी आणि निळे पाणी

सरोवरात शिरणारी ऱ्होन दुधाळ, करडी दिसते. हिमनदी खडकावरून सरकताना जात्यासारखी खडक दळते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहते. हेच पाणी सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, जिनिव्हा शहरातून बाहेर पडते तेव्हा स्वच्छ निळे असते. गाळ मध्येच राहतो.

सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर असून खोली ३१० मीटरपर्यंत आहे. फ्रांस्वा आल्फोन्स फोरेल (१८४१–१९१२) या स्विस शास्त्रज्ञाने सारे आयुष्य या एका सरोवराच्या अभ्यासाला दिले. सरोवरांच्या शास्त्राचा पाया त्यांनीच घातला. नदीचे थंड, गाळाने जड झालेले पाणी सरोवराच्या पृष्ठभागावर न पसरता खाली बुडते आणि तळाशी घळ कोरत पुढे जाते, हे त्यांनी दाखवून दिले.

जिनिव्हा शहरातच आर्व्ह नदी ऱ्होनला मिळते. ती माँ ब्लां शिखराच्या हिमनद्यांचे पाणी आणते, पण तिच्या वाटेत मोठे सरोवर नसल्याने गाळ गाळला जात नाही. संगमावर एका बाजूला निळे आणि दुसऱ्या बाजूला गढूळ असे दोन पट्टे काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. सरोवर नदीसाठी काय करते, ते समजायला एवढे दृश्य पुरेसे आहे.

बर्फाचा बांध फुटतो तेव्हा

१८१८ सालची गोष्ट. द्रांस नदीच्या वरच्या खोऱ्यात ज्येत्रो हिमनदीचे तुकडे कोसळून दरीत साचले आणि त्यांनी नदी अडवली. मागे मोठा तलाव भरला. इग्नाझ व्हेनेत्झ या अभियंत्याने बर्फात बोगदा खोदून पाणी हळूहळू सोडण्याचा प्रयत्न केला. बरेच पाणी गेलेही, पण १६ जून १८१८ रोजी बांध फुटला. पुराचा लोंढा मार्तिन्यीवरून थेट ऱ्होनमध्ये घुसला. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. बोगदा खोदला नसता तर हानी कितीतरी मोठी झाली असती.

या संकटातून विज्ञानाला एक मोठी गोष्ट मिळाली. त्याच खोऱ्यातील झां पिएर पेरोदां नावाचा शिकारी सांगत असे की, येथे लांबवर पडलेले परके धोंडे पुराने आणलेले नाहीत, ते पूर्वीच्या प्रचंड हिमनदीने आणले आहेत. आधी कोणी विश्वास ठेवला नाही. व्हेनेत्झ यांना ते पटले, त्यांनी शार्पांत्ये यांना पटवले आणि शार्पांत्ये यांनी लुई आगासीझ यांना. आगासीझ यांनी १८३७ साली हिमयुगाची कल्पना विद्वानांपुढे मांडली. एका डोंगरी माणसाच्या निरीक्षणातून पृथ्वीच्या इतिहासाचे एक पान उलगडले.

असे धोके इतिहासजमा झालेले नाहीत. २८ मे २०२५ रोजी लोंझा नदीच्या खोऱ्यात शिखरावरून सुटलेल्या खडकांच्या भाराने बिर्श हिमनदी कोसळली. ब्लाटन गावाचा बहुतेक भाग ढिगाऱ्याखाली गेला आणि लोंझा नदी अडली. मात्र डोंगराची हालचाल मोजणाऱ्यांनी आधीच इशारा दिल्याने सुमारे तीनशे गावकऱ्यांना नऊ दिवस अगोदर बाहेर काढले होते. एक माणूस गेला आणि घरेदारे गेली, पण गाव माणसांनिशी गाडले गेले नाही. मोजमाप का करायचे, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

नदीला किती जागा द्यायची?

पूर्वी ऱ्होन दरीच्या सपाटीत अनेक फाटे फोडून, बेटे करीत मनाप्रमाणे वाहत असे. पूर येत, दलदल माजे. १८६० च्या पुरानंतर तिला सरळ करून बांधांत घालायचे ठरले. १८६३ ते १८९४ या काळात पहिले काम झाले. पण नदी केवळ पाणी आणत नाही, गोटे आणि वाळूही आणते. अरुंद झालेल्या पात्रात तो गाळ साचून तळ उंचावला. म्हणून १९३० ते १९६० या काळात दुसऱ्यांदा काम करावे लागले. दरम्यान दलदल सुकली, फळबागा झाल्या, कारखाने आणि वसाहती आल्या. माणसाचा फायदा खरा होता. पण नदीची जागा गेली तीही खरीच.

ऑक्टोबर २००० मध्ये मोठा पूर आला आणि बांध फुटले. त्यानंतर तिसऱ्या कामाची आखणी झाली. या वेळी विचार उलटा होता. बांध नुसते उंच करायचे नाहीत, पात्र रुंद करून नदीला जागा परत द्यायची. व्हालेच्या मतदारांनी २०१५ साली त्यासाठीच्या निधीला कौल दिला. तरीही वाद मिटलेला नाही. रुंद पात्रासाठी जी जमीन जाते, ती कोणाची तरी बाग किंवा शेत असते. २०२४ साली प्रांताच्या सरकारने आराखड्याचा फेरविचार जाहीर केला आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस सिएरजवळ पुन्हा पूर येऊन कारखान्यांत पाणी शिरले. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही आणि नदीची गरजही खोटी नाही. दोन्ही बाजू ऐकूनच तेथे निर्णय घ्यावे लागत आहेत.

आपल्यासाठी काय?

हिमनद्या आटत जातात तेव्हा आधी काही वर्षे नदीला जास्त पाणी येते, मग ते कमी होऊ लागते. सुरुवातीचे भरपूर पाणी पाहून सगळे ठीक आहे असे वाटते, आणि तोच खरा धोका. आपल्या देशातही भागीरथी गोमुखाशी गंगोत्री हिमनदीतून निघते आणि तिचेही टोक मागे हटत आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत खडक आणि बर्फ कोसळून आलेला लोंढा, तसेच ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटून तिस्तेला आलेला पूर, या घटना ऱ्होनच्या खोऱ्यातील घटनांच्या सख्ख्या बहिणी आहेत.

विश्वामित्रीला बर्फ नाही. तिची ठेव म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर, परिसरातील तलाव आणि जमिनीत मुरलेले पाणी. पण जागेचा प्रश्न तिलाही आहे. ३१ जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ या दोन पुरांत पाणी कोठवर आले होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या भिंतींना ठाऊक आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, दोन कामे करा. ॲटलासमध्ये फुर्का खिंड शोधा आणि तेथून निघणाऱ्या पाण्याच्या तिन्ही वाटा तीन रंगांनी समुद्रापर्यंत रेखाटा. नंतर वडोदऱ्याचा नकाशा घ्या. घरातील आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून कोणत्या साली पाणी कोठवर आले होते, त्या खुणा त्यावर करा.

पालक आणि विश्वस्त मंडळींनाही एक विनंती आहे. शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आणि त्याच्यासाठी एक जाड वही असावी. रोज सकाळी एका विद्यार्थ्याने नोंद करावी आणि वर्ष संपले की वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. खर्च फारसा नाही. १८७४ साली त्या हिमनदीवर दगड मांडणाऱ्यांकडेही रंग, दोर आणि वही यांपेक्षा फार काही नव्हते. आज त्यांच्या नोंदींवर सगळे जग अभ्यास करते. आपल्या नदीच्या नोंदी आपण नाही ठेवायच्या तर कोणी ठेवायच्या?